लाल दाराचं म्युझियम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जातो. मी डब्लिनमध्ये काय दिवे लावले ते माझा नवरा निखिल येईल त्याला मीठमसाला लावून सांगतो. म्हटलं, एकदा माझ्याच तोंडून ऐका.

२०१८ ची गोष्ट. आम्ही डब्लिनपासून ट्रेनने तास-सव्वा तासावरच्या मलिंगारला राहत होतो, निखिलची कंपनी तिथली. मला नोकरी लागली डब्लिनला. म्हणजे पहाटे अंधारात ट्रेन, परत यायचं तेही अंधारात. डब्लिनमध्ये सगळं मिळतं, भाड्याचं घर सोडून. कित्येक महिने शोधत होतो. शेवटी निखिल वैतागला.

"या शनिवारी घर हा शब्द काढायचा नाही. टुरिस्टसारखं नुसतं फिरायचं."

फिरलो. किल्ला झाला, नदी झाली, पुलावरचे फोटो झाले. राहिलं होतं ते दोनशे वर्षांपूर्वीचं घर, पूर्वी लोक कसे राहायचे ते दाखवणारं म्युझियम. पत्ता नीट बघायचा मी कंटाळा केला, कारण समोरच एक लाल दार होतं आणि बाहेर ही लांबलचक रांग. रांग दिसली की कसली आहे ते आपण विचारतो का? आधी नंबर लावतो.

"तिकीट?" निखिल कुजबुजला.

"फुकट दिसतंय. गप्प उभा राहा."

दारात मी सवयीने शूज काढले. आणि आत काय सांगू, सगळं अस्सल! कळकट वॉलपेपर, भिंतींना ओल, कपाट उघडलं तर आत टवके उडालेले दोन कप. किती मन लावून उभं केलंय, मला तर कौतुकच वाटलं.

निखिल बाथरूम बघून आला. "अगं, दोनशे वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक शॉवर होता?"

"स्टाफसाठी असेल."

स्वयंपाकघरात एक आजोबा बसले होते. डोक्यावर टोपी, स्वेटरला भोकं, पोटापर्यंत दाढी. मी लगेच ओळखलं. अशा ठिकाणी जुन्या काळातला माणूस म्हणून नट बसवतात ना, तसे.

"कधी राहायला येताय?" आजोबांनी विचारलं.

बघा, कसे भूमिकेत शिरले होते. मग मी मागे राहते की काय? शाळेच्या नाटकात मला बक्षीस आहे.

"आमचा राजवाडा विकला की लगेच."

"मुलं?"

"अकरा."

"प्राणी?"

"एक हत्ती फक्त. स्वभावाने गरीब आहे."

आजोबांनी जरा विचार केला. "मागे अंगण आहे तसं," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"याला म्हणतात अभिनय," मी निखिलला म्हटलं. मग आजोबांबरोबर सेल्फी काढला आणि दाढी खरी आहे का तेही विचारून घेतलं.

बाहेर आलो तर रांगेतल्या एका मुलीने मला थांबवलं. "मिळालं का तुम्हाला? एवढ्या कमी भाड्यात अख्ख्या डब्लिनमध्ये घर नाही."

भाडं? मी उलट्या पावली पळाले. दारात परत शूज काढले, कारण सवय ती सवय.

"आजोबा, हत्ती नाहीये. मुलं नाहीत. राजवाडा तर अजिबात नाही. आम्हाला खरंच घर हवंय हो."

"हत्ती मी मनावर घेतलाच नव्हता," आजोबा म्हणाले. "सकाळपासून शूज काढून आत आलेली तू एकटीच. घर तुलाच द्यायचं ठरवलं होतं. पण तुला सगळी गंमतच वाटत होती, मग तुमच्या मागे आलेल्या दोघांना शब्द देऊन बसलो."

मला रडूच फुटलं. आजोबांनी चहा विचारला, त्याच टवके उडालेल्या कपात दिला, आणि मी निघताना म्हणाले, "दाढी खरी आहे, बरं का."

अजून मलिंगारलाच आहोत. पहाटे मला स्टेशनवर सोडलं की निखिल गाडीची काच खाली करतो आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारतो, "हत्तीला खायला घालून निघालीस ना?"