टकटक शोधणाऱ्यांचं ऑफिस

आमच्या ऑफिसात बग बंद होतात, किस्से बंद होत नाहीत. एखादी टकटक सापडली की तिची गोष्ट जेवणाच्या टेबलावर येते, रोज थोडी वाढते, आणि आमचा इजिप्शियन बॉस हातेम दर वेळी ओरडतो, "असं काही झालंच नव्हतं!" म्हणजे झालं होतं.

मी लग्न करून रियाधला आले. नवरा, अनिकेत, इथल्या एका बँकेत आयटीत आहे. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नावावर, आणि त्यावर स्पष्ट छापलेलं, काम करण्यास परवानगी नाही. पुण्यात मी ऑडिओचं प्रोग्रॅमिंग करायचे. इथे फ्लॅटमध्ये बसून फ्रिजचा आवाज ऐकत होते. तेवढ्यात हातेमच्या छोट्या कंपनीने मला तात्पुरत्या परमिटवर घेतलं.

त्यांचं सॉफ्टवेअर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवत नाही. ते स्वर तिथल्या तिथे स्वतः तयार करतं. फार सुंदर करतं, फक्त मध्येच 'टक्' वाजतं. ताइफ शहराजवळच्या एका शेखांना त्यांच्या गुलाबाच्या बागेत हे बसवायचं होतं.

हातेम म्हणाला, "ताइफचं काम पक्कं झालं तर तुझं परमिट वाढवू. नाही तर खलास."

मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते.

*

पहिल्याच आठवड्यात एक टक् कोणालाच सापडेना. कोडमध्ये नाही, केबलमध्ये नाही. नूरा, आमची सौदी टेस्टर, स्पीकरसमोर माइक ठेवून रेकॉर्डिंग करायची, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये टक्, टक्, टक्. हातेम तिच्या खुर्चीमागे येरझारा घालत गरजायचा, "लाजिरवाणं आहे हे! पुन्हा रेकॉर्ड करा!"

मी बघत होते. तो जेवायला गेला की रेकॉर्डिंग स्वच्छ. तो आला की टक्.

शेवटी मी हळूच म्हटलं, "सर, तुमच्या हातातली माळ."

हातेमने हाताकडे असं पाहिलं, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा आहे. तसबीचे मणी एकमेकांवर आपटत होते.

"मी?" तो म्हणाला. "बग मी आहे?"

नूरा तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. त्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांच्या यादीत आमच्या रेकॉर्डिंगवाल्या इम्तियाजभाईंनी लिहिलं, 'बॉस खिशात ठेवला.'

*

इम्तियाजभाई दापोलीकडचे. ऊद, म्हणजे इथलं तंतुवाद्य, सॉफ्टवेअरला स्वर शिकवायला त्याचे खरे तुकडे रेकॉर्ड करून आणणं हे त्यांचं काम. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि मी फारशी बोलत नाही. त्यामुळे ते दोघांच्या वाटचं बोलतात.

त्यांना एकदा टकटक काढणारा एक फिल्टर मिळाला. माणूस खूश! त्यांनी तो पूर्ण ताकदीला लावला आणि सगळे तुकडे त्यातून काढले. ऊद वाजायला लागला ओल्या टॉवेलवर वाजवल्यासारखा. तारेवर नखी आपटल्याचा आवाजच फिल्टरने खाऊन टाकला होता.

"वहिनी, माणसाच्या आवाजावर लावून बघतो," म्हणत त्यांनी आईसाठी सलाम रेकॉर्ड केला, फिल्टरमधून काढला आणि दापोलीला पाठवून दिला. त्यातले सगळे 'ट', 'त', 'क' गुळगुळीत.

लगेच फोन. आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "इम्तियाज! दात कुठे गेले तुझे? खरं सांग, कोणी मारलं?"

इम्तियाजभाईंनी खूप समजावलं. आईने ऐकलं नाही. व्हिडिओ लावून तोंड उघडून दाखवावं लागलं, वरचे दात, मग खालचे, मग अक्कलदाढेपर्यंत. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आईने मोजले हो, वहिनी!"

*

एकदा मी घरून काम करत होते. हेडफोनमध्ये एक बारीक कटक् येत होता. लय पक्की, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा. मी कोड उघडला, बंद केला, लॅपटॉप बदलला. कटक् चालूच. मग लक्षात आलं की हेडफोनचा माइक सुरू राहिलाय. मी मान वर केली. समोर अनिकेत पोळी-भाजी खात होता.

त्याचा जबडा वाजतो!

लग्नाआधी आमच्याकडच्यांनी त्याचं शिक्षण पाहिलं, पगार विचारला, पत्रिका दोन गुरुजींना दाखवली. जबडा कोणी ऐकला नाही.

मी हेडफोन त्याच्या कानाला लावला आणि म्हटलं, "खा."

त्याने एक घास चावला. थांबला. डोळे मोठे झाले. "हे मी कायम करतो?"

"बहुतेक."

"ऑफिसच्या लंचमध्येसुद्धा?"

मी मान हलवली. त्याने समोरचा पापड उचलला, थोडा वेळ बघितला, आणि परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

*

सासूबाईंना माझं काम समजावून सांगणं अवघड. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "सूनबाई, तू तिकडे नक्की करतेस काय?" मी म्हटलं, "आई, मशीनमधून टकटक आवाज येतो, तो मी बंद करते."

त्यांनी नातेवाइकांत अभिमानाने सांगितलं असणार. पुढच्या महिन्यात सांगलीहून येणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्या दारात खोका ठेवला. आत मामेसासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ. सोबत निरोप, 'फार वाजतं. निवांत दुरुस्त कर.'

*

मग ती टक्, जिने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. नूराचं मशीन दिवसरात्र चालू असायचं, आणि ती टक् दिवसातून मोजून पाच वेळा यायची. त्यातही रोज वेळ थोडी सरकायची. हातेमने एसीवाल्याला बोलावलं. मग इलेक्ट्रिशियनला. इम्तियाजभाई म्हणाले, "वहिनी, मला तर भीती वाटायला लागलीय हो."

मलाही वाटत होती, पण वेगळी. ताइफचा डेमो जवळ आला होता आणि परमिट संपत आलं होतं.

त्या दुपारी टक् वाजली, आणि मी स्क्रीनऐवजी माणसांकडे पाहिलं. सगळे उठत होते. नमाजची वेळ!

नूराच्या मशीनवर नमाजची आठवण देणारं एक ॲप होतं. तिने त्याचा आवाज शून्य ठेवलेला. तरी ते वेळ झाली की मुकाट्याने स्पीकर ताब्यात घ्यायचं, आणि आमच्या सॉफ्टवेअरचा स्वर मध्येच तुटायचा. तुटलेला स्वर म्हणजे टक्.

नूरा पांढरी पडली. "मी? पण मी तर आवाज बंद ठेवला होता! आत्ताच काढून टाकते."

"कशाला?" हातेम म्हणाला. "ते बिचारं वेळेवर उठतंय. दार आपटून बाहेर पडणारं आपलं सॉफ्टवेअर आहे. त्याला दार हळू लावायला शिकवा."

मी शिकवलं. आता प्रत्येक स्वर विझताना आधी मंद होतो, मग थांबतो. नुसता नमाजच्या वेळचाच नाही, सगळेच. पूर्ण सॉफ्टवेअरमध्ये एकही टक् उरली नाही. आम्ही रात्रंदिवस चालवून पाहिलं. हातेमने सगळ्यांना कुनाफा ही इथली मिठाई खाऊ घातली.

*

आणि मग ताइफ.

आम्ही चौघं विमानाने गेलो. डोंगरावरची थंड हवा, गुलाबाच्या रांगा, रांगांमध्ये आमचे स्पीकर. शेख वयस्कर, शांत. आमचा अगदी पहिला नमुना त्यांनी फोनवर ऐकला होता आणि त्यावरच होकार कळवला होता. आता सही तेवढी बाकी.

हातेम माझ्या कानाशी पुटपुटला, "आज एक जरी टक् आली..." पुढचं त्याने हातानेच दाखवलं. माझं परमिट त्याच आठवड्यात संपत होतं.

नूराने बटण दाबलं. बागेत स्वर पसरले, मऊ, सलग, पाण्यासारखे. इम्तियाजभाईंनी डोळे मिटले. मी एकेक स्वर थांबताना श्वास रोखत होते. एकही टक् नाही!

शेखांच्या कपाळावर आठी. ते उठले, स्पीकरपाशी गेले, कान लावला. दुसऱ्या स्पीकरला लावला. मग अरबीत काहीतरी विचारलं. नूराने आमच्याकडे वळून इंग्रजीत सांगितलं, पण तिचाच विश्वास बसत नव्हता.

"ते विचारतायत, तो आवाज कुठे गेला?"

"कुठला आवाज?" हातेम.

शेख जवळच्या झुडपाशी गेले. देठाला अंगठा लावला आणि एक गुलाब खुडला.

टक्.

"हा," ते म्हणाले.

पहाटे त्यांची आई फुलं खुडायची तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना हाच आवाज यायचा. आमच्या पहिल्या नमुन्यात तो ऐकला आणि त्यांना वाटलं, ही माणसं आधी येऊन बाग ऐकून गेलीत. म्हणून होकार दिला.

इम्तियाजभाईंनी डोळे उघडलेच नाहीत.

हातेमने अगदी हळू आवाजात विचारलं, "काढला कोणी?"

नूरा गुलाब बघायला लागली.

"मी," मी म्हटलं.

"परत घालता येईल?"

"येईल."

"किती दिवस लागतील?"

मी आयुष्यात पहिल्यांदा बॉसच्या डोळ्यांत डोळे घालून बोलले.

"परमिट किती दिवसांचं काढताय?"