जाळ्याची बाजू

समोर आलेली बोट टाळायला जहाजानं कुठं वळावं, ते कप्तानाला सुचवणारा प्रोग्राम आम्ही बनवतो. टक्कर होईल का, किती मिनिटांत होईल, कुठल्या बाजूला वळलं तर निभावेल, सगळं स्क्रीनवर दिसतं. सल्ला आमचा, निर्णय कप्तानाचा. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये बसून हे काम करताना मला फार भारी वाटायचं. पाचूबंदरच्या कोळ्याचा पोरगा जहाजांना वाट दाखवतो म्हणजे काय!

एकदा साहेब म्हणाले, "इथल्या मच्छीमार बोटी कशा चालतात, ते सांगणारं कोणी आहे का? ऑफिसात बोलवू या." माझ्या बाबाचा उभा जन्म समुद्रावर गेलेला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून घरी गेलो नि सहज विषय काढला, तर तो लगेच कपाटातून नवा शर्ट काढायला उठला.

"येतू ना! येक सांगाला पायजे त्यांना. जालं टाकलं का बोट एकीकडं नि जालं पार लांबवर. नुसती बोट चुकवून काय उपेग? जाल्याची बाजू इचाराला पायजे."

आणि मी? माझ्या डोळ्यांसमोर आमची मीटिंगची खोली आली. बाबा 'पानी', 'जालं' म्हणतोय आणि पोरं तोंड दाबून हसतायत. मला लाज वाटली. हो, सख्ख्या बापाची लाज. म्हटलं, "राहू दे रे बाबा, मीच लिहून देतो. मला काय माहीत नाही?" त्यानं शर्ट परत कपाटात ठेवला.

साहेबांना मी ऐटीत सांगितलं, मी कोळ्याचाच आहे, दुसरं कोणी कशाला? बोटींची लांबी लिहिली, वेग लिहिला. जाळ्याचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, मी ऐकलंच कुठं होतं! शहाणा कुठला!

पुढच्याच हंगामात भर दुपारी बाबा जाळं ओढत होता. लांबून जहाज आलं, बोट बघून चांगलं ऐसपैस वळलं, आणि नेमकं जाळ्यावरून गेलं. जाळ्याला हिसका बसला. दोर बाबाच्या हाताला आवळला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्या जहाजावर आमचा प्रोग्राम होता का, ते मी शोधलं नाही. हिंमतच झाली नाही. पण आमच्या स्क्रीनवरही ते वळण हिरवंच, म्हणजे बिनधोक, दिसलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बाबाला घरी आणलं तेव्हा बघायला सगळा शेजार लोटला. बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन तो प्रत्येकाला सांगत होता, "जहाज वललं म्हनून आमी वाचलो. माज्या पोराचं मशीन हाय ना त्याच्यावर!"

शेजारच्या मावशीनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बाबा कौतुकानं माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणून मान हलवली.