दारातला माणूस
देवी आल्या तेव्हा मी विशीत होते. अंगावरचे फोड सुकले, पण डोळे गेले. नवऱ्यानं मला वैरागहून सोलापुरात भावाकडे आणून सोडलं. बरी झालीस की न्यायला येतो, म्हणाले. त्यांनी दुसरं लग्न केल्याचं भावाच्या कानावर आलं, ते त्यानं मला लगेच सांगितलं नाही. वहिनी माझ्याशी एकाएकी हळू बोलायला लागली, त्यावरून मीच ओळखलं.

भाऊ आणि वहिनी दोघंही गिरणीत कामाला. सकाळचा भोंगा झाला की खोलीत मी एकटी. भावानं दारापासून आडापर्यंत काथ्याची दोरी बांधून दिली होती. दोरी सोडून कुठं जायचं नाही, एवढंच त्याचं सांगणं होतं. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरात दिवसभर माग खटखटायचा. त्यांची शेळी कधी आमच्या अंगणात यायची. तिला बोलवायला मी जीभ टाळूला लावून टक् टक् करायची. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच.

एकदा तसं करताना मी मान वळवली आणि आवाज बदलला. मोकळ्या अंगणाकडे तो पसरून जायचा. भिंतीकडे तोंड केलं की घट्ट होऊन परत यायचा. मग मला नादच लागला. टक् करायचं, अंदाज बांधायचा, हात पुढं करून खात्री करायची. आधी भिंत सापडली, मग रांजण, मग आडाचा कठडा. लिंबाचं खोड बारीक, ते सापडेपर्यंत कपाळाला कितीदा टेंगूळ आलं. हळूहळू वस्तू किती लांब आहे, डावीकडे आहे की उजवीकडे, हेही कळू लागलं. दोरी सुटली.

वहिनीला ते आवडलं नाही. "पालीगत चुकचुकू नका, वन्सं. घराला बरं न्हाय ते," ती म्हणाली. मग ती दोघं कामावर गेल्यावरच मी टक् करायची. गल्लीतल्या बायका मला येताना बघून गप्प व्हायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. त्यांच्या अंगावरून आवाज मऊ होऊन यायचा, लुगड्यात अडकल्यासारखा. त्या तिथं आहेत हे मला कळायचं. त्यांना बोलायचं नाही, हेही कळायचं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी घागर भरून आले आणि उंबऱ्याशी सवयीनं टक् केलं. दार मी सताड उघडं ठेवून गेले होते, तरी आवाज परत आला. दारात माणूस उभा होता. मी थांबले. तो गुपचूप भिंतीलगत सरकला. मी टक् करून तिकडे तोंड वळवलं. तो पुन्हा सरकला, मी पुन्हा वळले.

"तुला दिसतंय व्हय आता?"

आवाज नवऱ्याचा होता.

"न्हाय," मी म्हणाले.

तुझी बायको दोरीशिवाय हिंडते, असं त्यांना वैरागच्या बाजारात कुणी सांगितलं होतं. खरं काय ते बघायला ते आले होते. मी घागर उतरवली, तांब्या भरला आणि टक् करून नेमका त्यांच्या हातापाशी नेला. पाणी पिऊन झाल्यावर मुलगा झालाय, म्हणाले. मी नाव विचारलं, ते त्यांनी सांगितलं. माझ्या जिवाला आशा लागली होती. तोंडातून एवढंच निघालं, "मला सैपाक येतो आता. पाणीबी आणते मी."

त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. "येतो" म्हणाले आणि निघाले. मी दारात उभी राहून टक् करत राहिले. चार पावलं ते कळत होते. मग आवाज नुसताच गल्लीत पुढं निघून गेला.

संध्याकाळी भावाला सांगितलं तेव्हा तो चिडून वैरागला निघाला होता. जाऊ नको, मीच म्हणाले. जेवताना वहिनीनं माझ्या ताटात भाकरीवर भाकरी वाढली.

ते परत कधी आले नाहीत. मी टक् करण्याआधी ते दारात किती वेळ उभं राहून माझ्याकडे बघत होते, हे मात्र मला कधीच कळलं नाही.