सासुरवाडीवर कॅमेरा शिकू नका

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा! नवा कॅमेरा घेणाऱ्याला जग शंभर सल्ले देतं. माझा एकच आहे: फुलांवर शिका, दगडांवर शिका, सासुरवाडीवर शिकू नका!

माझी सासुरवाडी वडपे गावची. सासरे थोरले, मधले अण्णा, धाकटे नाना. गोडाऊनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वादावरून तिघा भावांचं सात वर्षं बोलणं बंद. पण नानांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला चक्क दोघेही मोठे भाऊ आले! सासूबाईंनी डोळे पुसले. मला म्हणाल्या, "जावईबापू, तिघांचा एक फोटो काढा. परत कदी असे उभे राहतील, न राहतील."

आणि मी कोण? धामणकर नाक्यावर कापडाच्या दुकानात बसणारा, पंधरा दिवस व्हिडिओ बघून तरबेज झालेला महान छायाचित्रकार! आधी सगळ्यांना मोबाईल खिशात घालायला लावले. मग तिघांना पायऱ्यांवर उभं केलं. नाना खालच्या, अण्णा मधल्या, सासरे वरच्या. लेन्स पूर्ण उघडली की मागचं सगळं छान पुसट होतं, असं व्हिडिओत सांगितलं होतं. उघडली!

जेवणं झाल्यावर फोटो टीव्हीवर लावला. अख्खं गणगोत समोर बसलेलं.

नानांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. अण्णा धुक्यात. सासरे? पांढऱ्या सदऱ्यावरून ओळखायचे!

"माझं तोंड कुठं हाय?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ते मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?"

इथं गप्प बसायचं की नाही? पण नवशिक्याला शिकवायची हौस दांडगी! "म्हणजे कसं, मुख्य माणूस तेवढा स्पष्ट ठेवायचा. बाकीचं पुसट."

बायकोने कपाळावर हात मारला.

"म्हंजे आमी बाकीचं?" अण्णा उठलेच. "नान्या, जावयाला हाताशी धरलास काय?"

"मी कशाला धरू? जावय दादाचा हाय!"

"माझा हाय, मंग माझंच तोंड कसं पुसलंन?" सासरे कडाडले.

अण्णा चपला शोधू लागले. सासूबाईंचा चेहरा उतरला. सात वर्षांनी जुळलेलं मी एका क्लिकमध्ये मोडलं होतं.

मी हात जोडले. "चूक माझी. मला फोटो काढता येत नाही. काय बोलायचं ते मला बोला!"

एवढं म्हणायची खोटी!

"न्हायच येत!" अण्णा चप्पल हातात घेऊन म्हणाले.

"तीन मानसं धड दिसत न्हाईत त्याच्यात!" नाना म्हणाले.

"आन् पोरगी दिली आमी याला!" सासऱ्यांनी कपाळ धरलं.

अण्णा खो खो हसले, चप्पल टाकली आणि नानांना टाळी दिली. सासरेही हसायला लागले, तेवढ्यात सासूबाईंनी मोबाईल काढून तिघांचा फोटो घेतला.

तो फोटो आता नानांच्या भिंतीवर आहे. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "तिघं एवढं कशाला हसतायत?"

मी तिथं असलो की नाना नुसतं बोट दाखवतात. "हे काय, कारण इथंच बसलंय!"