डोंगर सोडून गाय

मे २००१ मधला पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम रुपये पंधरा हजार. हजर तिघे: मी, माझी बायको आणि राजारामपुरीत आमच्याच गल्लीत सहलींचं ऑफिस चालवणारे गृहस्थ. चहा दोनदा झाला.

ठरलं ते असं. त्यांच्या युरोपच्या सहलीला आम्ही दोघे सोडून सव्वीस माणसं येणार होती. जाहिरातीत त्यांनी ‘फोटोंसहित’ असं छापून टाकलं होतं आणि आता धंदेवाला फोटोग्राफर परवडत नव्हता. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो, पण रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो हे गल्लीला माहीत होतं. आठ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाचा एक स्वतंत्र फोटो, आणि त्याबदल्यात आमच्या दोघांच्या पैशांत पंधरा हजारांची सूट. रोल आणि छपाई माझ्याकडे. मी सगळं कागदावर लिहून घेतलं. शेवटचं कलम त्यांनी घालायला लावलं: फोटोत मागचं ठिकाण ओळखू आलं पाहिजे.

“हे लिहायची काय गरज?” मी विचारलं.

“साहेब, मागच्या साली एकजण पॅरिसला जाऊन आला. सगळ्या फोटोंत नुसतं त्याचं तोंड. ते बघायला कोण येणार? गाव रोजच बघतंय की.”

सव्वीस गुणिले आठ म्हणजे दोनशे आठ. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, सहा रोलमध्ये दोनशे सोळा. म्हणजे आठ फोटो उरत होते, आणि ते माझे होते. खरं सांगायचं तर पंधरा हजारांपेक्षा त्या आठांसाठी मी कबूल झालो.

त्याआधीची दहा वर्षं मी राधानगरी आणि आजऱ्याच्या बाजूचे डोंगर, धरणं, ओढे यांचे फोटो काढत होतो. माझा एकच नियम होता, फोटोत माणूस नको. माणूस आला की सूचना येतात. डोंगर कधी म्हणत नाही की थांबा, भांग पाडतो. एकदा राधानगरी धरणावर ढग हलायची वाट बघत छत्रीत तीन तास बसलो होतो. ढग हलला नाही, म्हणून फोटो काढला नाही. लोक हसले, पण रोल एकशे दहा, धुलाई पंचवीस आणि छत्तीस फोटोंची छपाई एकशे ऐंशी, असे तीनशे पंधरा रुपये होतात. एक फोटो आठ रुपये पंचाहत्तर पैशांना पडतो. ढगाचा फोटो त्या भावात घ्यायचा नाही.

तर जग आठ फोटोंत बसवायचं होतं. मी डायरीत तक्ता आखला: ठिकाण, वेळ, उजेड कोणत्या बाजूनं. बायको शेजारी शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, “त्यातला एक मला पाहिजे.”

“तुझा फोटो?”

“माझा आणि गायीचा.”

तिचं माहेर राधानगरीकडचं. लग्नाआधी रोज पहाटे चार म्हशींच्या धारा काढून ती शाळेला जायची. आता गोठा तिच्या धाकट्या भावाकडे होता, अकरा गायी. लग्नानंतर त्या गोठ्याशी तिचा संबंध खरवसाच्या डब्यापुरता उरला होता. आम्ही परदेशी जाणार म्हणून आदल्याच आठवड्यात मेहुण्यानं मटणाचं जेवण केलं होतं आणि जेवता जेवता बहिणीला चिडवलं होतं.

“आक्का, तू तिकडं जाऊन करणार काय? दुकानं बघून येशील.”

“तिकडची गाय बघणार हाय.”

“बसमधनं काय, सगळीच बघत्यात. कासेला हात लावून फोटो आण. तांबडी कालवड तुझी.”

“माझी म्हंजे?”

“तुझ्या नावानं. दूध, वासरू, सगळं.”

पंगतीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मेहुणा हसत होता, बायको हसत नव्हती. त्या गोठ्यात तिच्या नावाचं एक जनावर म्हणजे काय, ते मला तेव्हा नीटसं कळलं नाही. मी तिला “बघू” म्हणालो. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, आणि हे तिला बावीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

मेअखेरीला निघालो. पहिल्या सात ठिकाणांत मी काय पाहिलं असं कोणी विचारलं तर सव्वीस चेहरे पाहिले, सातदा. मागे मनोरा, पूल, कारंजं जे असेल ते, पुढे रांग. जगातली प्रसिद्ध ठिकाणं माणसाच्या उजव्या खांद्यावर साधारण कानाच्या उंचीला येतात, असं माझं निरीक्षण आहे. त्याहून वर आली तर माणूस लहान दिसतो आणि तक्रार करतो.

माझ्या आठांना तिथूनच गळती लागली. चौघांनी डोळे मिटले. करारात डोळ्यांबद्दल काही नव्हतं, पण माणुसकी म्हणून पुन्हा काढले. चार गेले. पाचवा कॅमेरा पिशवीत असताना आपोआप निघाला. उरलेल्या तिनांतले दोन मी नियमाप्रमाणे काढले: एक तळं आणि एक रिकामा पूल. त्या पुलाचा फोटो घेताना आजऱ्याचे काजूवाले काका मागे उभे होते. हे काका सहलीतले सगळ्यात वडीलधारे, सोबत पाच किलो काजू घेऊन आलेले.

“ह्यात कोण हाय?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. नुसता पूल.”

“मग काढलासा कशाला?” ते खरंच काळजीत पडले. “मी हुबा ऱ्हातो की.”

शेवटचा एक फोटो मी आठव्या ठिकाणासाठी, स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या शिखरासाठी राखून ठेवला. बायकोनं रोज रात्री एकच प्रश्न विचारला, “किती ऱ्हायले?” मी आकडा सांगायचो आणि ती दिवा बंद करायची.

शिखरावर छोट्या रेल्वेनं वर गेलो तर धुकं. पुढे पसरलेला हात दिसेना. मी म्हणालो, थांबू. पण आमची खाली उतरायची गाडी दीड तासातच होती आणि लोकांना थंडी वाजत होती.

“तिकीट काढलंय, फोटो काढा,” काका म्हणाले.

“मागं डोंगर दिसत नाही.”

“हाय की. दिसत न्हाय म्हंजे गेला व्हय?”

सव्वीस जण ओळीनं पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. मी सव्वीस फोटो काढले. कॅमेऱ्यात एक उरला. वरच्या दुकानात रोल मिळत होता. मी किमतीचे रुपये करून पाहिले, पुन्हा करून पाहिले आणि रोल जागेवर ठेवला.

खाली उतरताना संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला आमची बस थांबली. गायी रस्ता ओलांडून गोठ्याकडे चालल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात छोट्या कळशीएवढी घंटा. दहा दिवसांत जे कुठल्याही मनोऱ्याला जमलं नव्हतं ते त्या गायींनी केलं. सव्वीसच्या सव्वीस माणसं कोणी न सांगता खाली उतरली. मनोऱ्यापाशी त्यांना हाकलून उतरवावं लागायचं.

“अठरा लिटर,” काका एका गायीकडे वाकून बघत म्हणाले.

“बावीस,” दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

“फॅट किती लागत असंल?”

“गवत बघ की. आपली म्हसरं हितं सोडली तर आठची फॅट लागंल.”

मी गेली दहा वर्षं लोकांना निसर्ग बघता येत नाही असं म्हणत होतो. ही माणसं गवताच्या पानापर्यंत बघत होती. मी ते कधी बघितलं नव्हतं.

गोठ्याच्या दारात पांढऱ्या केसांची एक बाई बादली घेऊन उभी होती. माझी बायको सरळ तिच्याकडे गेली आणि मराठीत विचारलं, “बाई, ही कितव्या वेताची?” जरा मोठ्यानं विचारलं, एवढाच फरक. बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. बायकोनं वासराची उंची दाखवली आणि बोटं मोजली. बाईनं तीन बोटं वर केली. मग बायकोनं धार काढल्यासारखे हात हलवले. बाईनं तिच्या साडीकडे, स्वेटरकडे, बुटांकडे पाहिलं आणि शेवटी हातांकडे पाहिलं. हात बघून तिनं स्टूल पुढे सरकवलं.

बायको बसली. कासेवर पाणी मारलं, पुसलं. पहिली धार बादलीत वाजली. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे गलका झाला. “डोंगर दिसला! साहेब, डोंगर!”

मी वळून पाहिलं. धुकं फाटलं होतं आणि सगळं शिखर, वरपासून खालपर्यंत, उतरत्या उन्हात उभं होतं. तक्त्यात लिहिलं होतं त्याच वेळेला, त्याच बाजूनं उजेड. राधानगरीच्या छत्रीत मी ज्याची वाट पाहिली होती ते हेच. गाय माझ्या पुढे, डोंगर माझ्या मागे, कॅमेऱ्यात एक फोटो. दोन्ही एकात बसवायचे तर मला गोठ्याच्या भिंतीतून आरपार जावं लागलं असतं.

“दाबा की, ढग आला!” काका ओरडले.

मी गायीकडे वळलो आणि दाबला. रोल सर्रकन उलटा फिरला. मागे बघितलं तेव्हा डोंगर पुन्हा गेला होता. दोन मिनिटंही नसतील.

परत आल्यावर पहिल्या रविवारी राधानगरीला गेलो. मेहुण्यानं फोटो हातात घेतला. स्टूल, साडी, कासेवर हात, सगळं स्वच्छ आलं होतं. मागे गोठ्याची लाकडी भिंत आणि कडेला थोडं धुकं.

“ह्यात डोंगर कुठाय?” तो म्हणाला.

“माझ्या पाठीमागे होता,” मी सांगितलं.

“मग पाठीमागचा काढायचा की, दाजी. अशी भिंत आमच्या मागल्या दारी बी हाय. आनि धुकं काय, हितं आता जुलैत ये.”

करारातलं शेवटचं कलम मीच लिहिलं होतं आणि बायकोच्या फोटोत मीच मोडलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. फोटोकडेही नाही. दावणीला बांधलेल्या तांबड्या कालवडीकडे बघत होती.

मेहुणा फोटो घेऊन उजेडात गेला. तिरका केला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तो एकट्या गायीकडे बघत राहिला. मग बोटावर गावं मोजल्यासारखं करून म्हणाला, “ही आपल्या तालुक्यातली न्हाय.”

“मग कागलातली असंल,” बायको म्हणाली.

“न्हाय. करवीरातली बी न्हाय. असली कास जिल्ह्यात असती तर मला ठाऊक न्हाय व्हय?” त्यानं फोटो तिला परत दिला. “तिकडचीच हाय. सोड कालवड. पर बांधून हितंच ठेव, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कुठं नेतीस.”

सहलवाल्या गृहस्थांनी शिखरावरचे सव्वीस फोटो माझ्या टेबलावर पसरले. “साहेब, हे जुलैत राधानगरीला फुकटात निघालं असतं.” ते हजारात मिटवायला तयार होते. पण दोनशे आठांतले सव्वीस म्हणजे बरोबर एक अष्टमांश, आणि पंधरा हजारांचा एक अष्टमांश अठराशे पंचाहत्तर होतो. तेवढे मी त्यांना रोख दिले आणि पावती घेतली.

कालवड दीड वर्षानं व्याली. डेअरीत मेहुण्यानं बायकोच्या नावानं वेगळं खातं काढलं होतं. दहा दिवसांचं पहिलं बिल आलं त्या दिवशी तिनं जेवायच्या आधी माझ्यासमोर नऊ रुपये ठेवले.

“हे कशाचे?”

“फोटोचे.”

“आठ पंचाहत्तर होतात,” मी म्हणालो.

पंचवीस पैशांचं नाणं तेव्हा दुकानदार देत नसत, चॉकलेट देत. तिसऱ्या दुकानात मिळालं. ते मी तिला दिलं.