उमूतायची अट

कोचकोर गावच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या उमूतायने पहिली कादंबरी लिहिली ती सासूवर. सासू बातमा. तिचा नवरा लढाईत मारला गेल्यावर घरच्यांनी धाकट्या दिराशी लग्नाचा घाट घातला, तशी ती कळप हाकत वरच्या कुरणावर निघून गेली आणि तिथेच एकटीने मुलाला वाढवलं. कादंबरी गाजली. राजधानीतल्या स्टुडिओने ती सिनेमासाठी मागितली, आणि हरखलेल्या उमूतायने काही न विचारता होकार दिला.

सिनेमा गावच्या क्लबात, तिथल्या सभागृहात लागला. पडद्यावरची बातमा खिडकीशी बसून उसासे टाकत होती, अन् शेवटी लाजत दिराचा हात धरत होती. खरी बातमा मध्येच उठून गेली. घरी चहा ओतताना तिने एवढंच विचारलं, "ती बाई सारखी रडतच होती, पोरी. मग मेंढ्या कोण बघत होतं?"

उमूतायच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्या कादंबरीसाठी विचारणा झाली तेव्हा तिने अट घातली: पटकथा मी लिहीन, आणि दिग्दर्शकाने मेंढ्या विण्याच्या हंगामात आमच्याबरोबर कुरणावर राहायचं. स्टुडिओतले हसले, हे मास्तरणीचं काम नव्हे म्हणाले. पंचेचाळिशीची उमूताय सुट्टीत राजधानीला जाऊन विशीतल्या पोरांशेजारी बाकावर बसली आणि पटकथा लिहायला शिकली. कादंबऱ्या येत गेल्या, मागण्याही आल्या, पण अट काही सुटली नाही. हातचं घालवतेस, असं मैत्रिणी बोलून दाखवत.

बऱ्याच वर्षांनी तेमीरकुल नावाचा दिग्दर्शक कबूल झाला. कुरणावर बाळंत होणाऱ्या एका धनगरणीची कादंबरी त्याला करायची होती. तो आला त्याच दिवशी बातमाने ओलं कोकरू त्याच्या कोटात कोंबलं.

"आपा, कोट नवा आहे हो," तो कळवळला.

"कोकरूही नवंच आहे," म्हातारी म्हणाली.

तो हंगामभर राहिला. शेवटच्या प्रसंगात नायिकेने बोलूच नये, असा हट्ट त्याने धरला. उमूताय दोन दिवस फुगून बसली, मग स्वतःच ती वाक्यं खोडली.

क्लबात हा सिनेमा लागला तेव्हा त्या मुक्या प्रसंगात बायका पडद्यावरच्या बाईला मोठमोठ्याने सल्ले देऊ लागल्या. "नाळ आधी बांध गं," कुणीतरी ओरडलं. मागे उभा तेमीरकुल घाबरला, सिनेमा फसला म्हणाला. उमूतायने त्याला हाताला धरून त्या बायकांमध्ये नेऊन बसवलं.