इंजिनाला पाजलेलं पाणी

रेल्वे आली आणि मुलखाचं भलं झालं, असं शिकलेसवरलेले लोक सांगतात. झालं असेल. घाटनांदूरच्या पलीकडे आमची म्हशी राखणाऱ्यांची वस्ती होती. तिथे मात्र रेल्वेनं आधी आमची विहीर रिकामी केली आणि मग ती परळीकडे गेली. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

निजामाचं राज्य होतं. रूळ पुढे सरकत होते, तसं खडीचे डबे ओढणारं एक लहानसं इंजिन आमच्या शिवारात आलं. मोठ्या इंजिनाचं पाणी मागच्या वेगळ्या डब्यात असतं. ह्याच्या दोन्ही कुशींनाच लोखंडी टाक्या जडवलेल्या होत्या. ड्रायव्हर म्हातारा होता. आफ्रिकेत इंग्रजांच्या रेल्वेवर असलीच इंजिनं चालवून आलेला. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, तो म्हणाला, "पोट लहान हाय ह्याचं. घडोघडी पाणी लागतंय. तिकडं बी आमी गुराख्यांचीच तळी उपसली." आबा हसले. त्यांना वाटलं, म्हातारा उगीच गप्पा हाणतोय.

आमच्यात रीत अशी की नवं जनावर दारात आलं की घरच्या बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि पहिलं पाणी आपल्या हातानं पाजायचं. एवढं झालं की जनावर घरचं. मग त्याला तहानलेलं ठेवणं पाप. आईनं जन्मात इंजिन पाहिलेलं नव्हतं. ते विहिरीपासून हाकेच्या अंतरावर धापा टाकत उभं राहिलं आणि तिला राहवेना. ताट घेऊन ती निघाली. चाकांवर पाणी घातलं, पुढच्या काळ्या पत्र्याला कुंकू लावलं, आणि भरली घागर टाकीत ओतायला ड्रायव्हरच्या हाती दिली. सगळी वस्ती कौतुकानं बघत होती, मीसुद्धा. रुळाचं काम घेतलेल्या ठेकेदाराचा मुनशी तर टाळ्या वाजवत होता. मेल्याला पुढचं दिसत होतं.

इंजिनासाठी ठेकेदारानं नदीचं पाणी बैलगाड्यांनी आणायचं, असं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्याच नाहीत. आमच्या विहिरीवर पंप आला. आबा धावत गेले, तर मुनशी म्हणाला, "तुमच्याच बाईनं पाजलं की चारचौघांत. आता कावून कुरकुर करता?" आबा कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिंक टाकून म्हणाला, "दिया सो दिया. अब काहेका रोना?"

वस्तीतली तरणी पोरं काठ्या घेऊन पंप उखडायला निघाली होती. त्यांना आबांनीच अडवलं. "घरचं म्हणून पाजलंय. आता तहानलेलं हाकलायचं कसं?" आबांच्या ह्या चांगुलपणाची मला तेव्हाही चीड आली आणि आजही येते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय?

उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला. काल कौतुक करणाऱ्या बायाच आता म्हणू लागल्या, "हिनंच अवदसा घरात घेतली." आई खाली मान घालून ऐकायची. म्हशी गाळ चाटायच्या. आबांनी एकेक म्हैस मोमिनाबादच्या बाजारात नेली. शेवटची, सगळ्यांत दुधाची, मुनशीनंच विकत घेतली. पंपाचं पाणी आधी त्याच्या तंबूशेजारच्या हौदात पडायचं. म्हैस पाळायची ऐपत आता त्याच्या एकट्याचीच उरली होती.

पण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडेना. कास दगडासारखी टणक झाली. मुनशीचा गडी आईला बोलवायला आला. आबा म्हणाले, "जाऊ नगंस." आई म्हणाली, "म्हशीचं काय चुकलं?" आणि गेली. मग सकाळ-संध्याकाळ जायला लागली. एकदा मी सोबत गेले. म्हैस हौदात तोंड घालून आमच्याच विहिरीचं पाणी पीत होती, आई तिच्या कासेशी बसली होती, आणि मुनशी बाजेवर लोळत आईलाच सांगत होता, "लई गुणाची हाय बरं का ही." ते दुधाचं भांडं त्याच्या तोंडावर फेकावं, असं मला झालं. आईनं भांडं भरलं, गड्याच्या हाती दिलं आणि रिकाम्या हातानं घरी आली.

विहीर पुरती आटली तसं इंजिन पुढच्या गावच्या पाण्यावर गेलं. तंबू उठले. मुनशीच्या सामानाच्या गाडीमागे म्हैस बांधलेली होती. आई गाडीवाटेपर्यंत गेली आणि तिनं धारेच्या वेळी घालायची तशी हाक घातली. म्हशीनं कान हलवला. तेवढ्यात गाडीवरच्या पिंपातलं पाणी हिंदकळलं आणि ती दाव्याला ओढ न देता, आपली आपण त्याच्यामागे चालू लागली. एकदासुद्धा वळून बघितलं नाही. मी हुंदके देऊन रडायला लागले.

आईनं माझा हात धरला आणि घराकडे वळली. म्हणाली, "रडती कावून गं? पाणी हाय तिकडं गेली ती. आपल्या घरात तेवढी एकच शहाणी निघाली."